बिनलक्षणी मजला

वॉर्डात काम करणाऱ्या माणसाला दवाखान्यात सगळे मामा म्हणतात. खरं नाव कोणी विचारत नाही. एकतीस वर्षं मी उल्हासनगरच्या एका खासगी दवाखान्यात मामा होतो. रिटायर होऊन अंबरनाथला घरी बसलो होतो, तर करोनाच्या साथीत आमच्या जुन्या मोठ्या सिस्टरांचा फोन आला. "मामा, माणसं मिळत नाहीत. येता का?" माझं वय बघता मला घ्यायलाच नको होतं. सिस्टरांनी कागदावर माझं वय किती लिहिलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

शाळा माझी चौथीपर्यंत. हे मात्र मीच लिहिलंय. नातीने फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं. दोन-तीन ठिकाणी वाक्य बदला म्हणाली, मी बदललं नाही.

मामाचं काम काय, असं लोक विचारतात. चादरी बदलणं, भांडं देणं-घेणं, ट्रॉली ढकलणं, ऑक्सिजनची टाकी लावणं, फरशी पुसणं, आणि सगळं संपलं की माणसाचे पायाचे अंगठे बांधून त्याला खाली पोचवणं. डॉक्टर दिवसातून दोनदा येतात. सिस्टर औषधाच्या वेळेला येतात. मामा तिथेच असतो. त्यामुळे मामाला जे कळतं ते कागदावर येत नाही. माझे कान आणि माझं नाक यावर मी एकतीस वर्षं काढली आणि त्याचा मला अभिमान आहे. ताप चढायच्या आधी पेशंटच्या उशीचा वास बदलतो. चालता पेशंट खालावायला लागला की त्याच्या चपलेचा आवाज बदलतो, पाय उचलून टाकणारा माणूस पाय ओढायला लागतो. हे मला कोणी शिकवलं नाही.

या अंकासाठी माझ्याकडे कामातले अनुभव मागितले. पुष्कळ आहेत. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. त्या साथीत मी एक शब्द खोटा बोललो. त्या शब्दामुळे आमच्या गेटवरच्या विष्णूवरचा आळ पक्का झाला, त्याची नोकरी गेली, आणि आपल्या आईला आपणच मारलं असं समजून तो इतकी वर्षं जगला. बाकीचे अनुभव मी सांगतोय खरे, पण लेख त्या एका शब्दासाठी आहे.

करोनाचं सेंटर होतं बदलापूरला, सोनिवलीच्या बाजूला, एका नवीन टॉवरात. नऊ मजले बांधून तयार, आणि राहायला एक माणूस नाही. भिंतींना रंगाचा वास, खिडक्यांना अजून प्लास्टिक चिकटलेलं. तिसरा आणि चौथा मजला लक्षणवाल्यांचा. म्हणजे ताप, खोकला, अंगदुखी, दम, यातलं काहीतरी ज्याला आहे तो. पाचवा मजला ज्यांना काहीच नाही त्यांचा. तपासणीत आजार निघालाय पण अंगात काही जाणवत नाही. सरकारी कागदावर त्यांना लक्षणविरहित म्हणायचे. आम्ही बिनलक्षणी म्हणायचो.

बाहेरच्या माणसाला वाटेल, पाचव्या मजल्यावर काम सोपं. मला विचाराल तर मला त्या मजल्याची भीती वाटायची.

चौथ्या मजल्यावर कसं, आवाज असायचा. कोण खोकतोय, कोण कण्हतोय, कोण फोनवर बायकोला ओरडतोय. डोळे मिटून मी सांगू शकायचो कोण कुठे आहे. तिथे उल्हासनगरच्या कॅम्पातला एक कापडवाला सेठ होता. रोज सकाळी तो मरायचा. "मामा साईं, मेरा टाइम आ गया. घरवालों को बुलाओ." मी बोटाला चिमटा लावायचो, ऑक्सिजन सत्त्याण्णव. "सेठ, अभी टाइम नहीं आया, नाश्ता आया है." ताप एकशे दोन, खोकून खोकून बरगड्या दुखलेल्या, तरी आकडा कधी खाली आला नाही. बाराव्या दिवशी चालत घरी गेला आणि मला जीन्सची पँट पाठवून दिली. आयुष्यातली माझी पहिली जीन्स. बायको म्हणाली, "घालून बाहेर जाऊ नका." मी गेलो.

त्याच्या अंगात जे काय चाललं होतं ते तो ओरडून सांगत होता. आपल्याला फक्त ऐकायचं होतं.

पाचव्या मजल्यावर जिना चढून गेलं की पहिली जाणवायची ती शांतता. दुपारी तर फारच. चौदा-पंधरा माणसं त्या मजल्यावर, पण कोणी खोकत नाही, कोणी कण्हत नाही. दारं उघडी, आणि प्रत्येक दारात एक माणूस नुसता उभा. आम्ही किट घातलेलो, तोंड दिसत नाही, पाठीवर पेनाने नाव लिहिलेलं. त्यांना आम्ही कोण ते कळायचं नाही आणि त्यांना काय झालंय ते आम्हाला कळायचं नाही. जिन्यासमोरच बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट होता. टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं, पुठ्ठ्याचा टीव्ही, आणि भिंतभर एक मोठा फोटो, आई-बाप आणि दोन मुलं, चौघंही दात काढून हसतायत. त्या फ्लॅटमध्येही चार खाटा टाकल्या होत्या. विष्णू एकदा सामान वर पोचवायला जिन्यापर्यंत आला होता, तो फोटो बघून म्हणाला, "मामा, यांना पन लक्षनं नय." मग स्वतःच घाईघाईने खाली उतरला.

विष्णू खरवईचा. गेटवरचा वॉचमन. टॉवर उभा होता ती जमीन कधीकाळी त्याच्या बापाची. वडिलांनी विकली, पैसे वाटले गेले, आणि विष्णू त्याच जमिनीच्या गेटवर खुर्ची टाकून बसला. त्याला त्याचं दुःख आहे असं कधी दिसलं नाही. फक्त लिफ्टमध्ये तो पाय ठेवायचा नाही. म्हणायचा, "लिफ्टखाली आमची विहीर हाय. बुजवलीय, पन हाय." ती लिफ्ट खरंच मध्येच पहिल्या मजल्यावर थांबायची. दार उघडायचं, समोर कोणी नसायचं, दार बंद व्हायचं. लिफ्टवाला सांगून गेला की वायरिंगचा दोष आहे. असेल. मीसुद्धा जिन्यानेच जायचो, म्हणायचो व्यायाम होतो.

पाचव्या मजल्यावर माझं मुख्य काम म्हणजे माणसं चालवणं. डॉक्टरांचा नियम होता. ज्याला काही होत नाही त्याला रोज सहा मिनिटं चालवायचं. आधी बोटाला चिमटा लावून आकडा बघायचा, चालून आल्यावर परत बघायचा. आकडा पडला तर आत काहीतरी शिजतंय. ती चाल ज्याने पाहिली नाही त्याला सांगून समजणार नाही. भर दुपारी, लांबच लांब पॅसेज, धडधाकट दिसणारी सहा माणसं एकामागे एक, कोणी बोलत नाही, नुसत्या चपला. टोकाला जायचं, वळायचं, परत यायचं. मी घड्याळ धरून भिंतीला टेकलेला. मी डोळे मिटून चपला मोजायचो. चट, चट, चट, चट.

एका दुपारी त्यात एक चप्पल सरकली. सर्रर्र.

डोळे उघडून बघितलं. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक साहेब होते. अत्यंत सभ्य माणूस. रोज दाढी करायचे, चादरीला स्वतः घडी घालायचे. हसून म्हणाले, "मामा, मला काही नाही हो. आज जरा पुस्तक वाचत बसतो, उद्या चालीन."

"पाच मिनिटं झालीत साहेब. एकच राहिलंय."

"मी तुमच्या डॉक्टरांना सांगतो ना."

"डॉक्टरांना सांगा, आधी मला बोट द्या."

बोट काही देईनात. मी पण हटलो नाही, त्यांच्यासमोर पॅसेज अडवून उभा राहिलो. शेवटी चिडून हात पुढे केला. नखं बघितली तर जांभळासारखी. चिमट्यावर आकडा आला एक्क्याऐंशी. मला वाटलं मशीन बिघडलं, दुसरं लावलं. एकोणऐंशी. आणि साहेब बोलतायत. नीट, पूर्ण वाक्यात, त्यांच्या कारखान्यात मशीनची तपासणी कशी असायची ते सांगतायत. मी त्यांना खुर्चीत बसवलं, टाकी लावली, खाली हाक मारली, तरी त्यांचं बोलणं चालूच. "बघा, मला दम लागलाय का? तुम्हीच सांगा." नव्हताच लागला. ज्याचा श्वास संपत चाललाय तो माणूस माझ्याकडे बघून हसत होता आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता. सेंटरच्या डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, या आजारात असं होतं, शरीर ओरडतच नाही.

साहेबांना मोठ्या दवाखान्यात नेलं, ते वाचले. महिन्याने त्यांचा फोन आला. "मामा, तुम्हाला कसं कळलं?" म्हटलं, "साहेब, तुमच्या चपलेने सांगितलं." चार दिवस मी ही गोष्ट सगळ्यांना सांगत होतो. विष्णूला तर दोनदा सांगितली.

आता विष्णूचं आणि माझं. दुपारी दोन वाजता मी किट काढून, आंघोळ करून गेटच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये यायचो. तिथे आम्ही दोघं तंबाखू खायचो. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबाखूला एक रीत असते. दोघं बसले की एकाने मळायची. तळहातावर तंबाखू, त्यात चुना, अंगठ्याने रगडायची, थापटून धूळ उडवायची, आणि पहिली चिमूट समोरच्याला द्यायची. मी मोठा, म्हणून मीच मळायचो. मळताना हातमोजा चालत नाही, खाताना मास्क चालत नाही. एकाच तळहातातून दोघांनी घ्यायची. नाही म्हटलं तर समोरच्याचा अपमान. दिवसभर लोकांना मी सांगायचो, हात लावू नका, लांब उभे राहा, आणि दोन वाजता माझ्या उघड्या हातातून विष्णूला चिमूट द्यायचो. आम्हाला दोघांनाही यात काही चूक वाटली नाही. तो आजार वर होता, पाचव्या आणि चौथ्या मजल्यावर. आम्ही खाली होतो.

एके दिवशी तंबाखूला वासच येईना. मळतोय, मळतोय, नाकाला लावतोय, नुसता पाला. पुडी उल्हासनगरहून नेहमीच्या सिंधी दुकानदाराकडून मागवलेली. मी तिथल्या तिथे त्याला फोन लावला. "काय रे, भेसळ चालू केलीस का?"

"चाचा, माल वही है. बीस साल से वही है."

"मग वास कुठे गेला?"

"वास हमारे दुकान से तो बराबर गया था, चाचा."

मी त्याला शिव्या घातल्या. विष्णूने चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाला, "मना तर बरी लागते." मी म्हटलं, तुला काय कळतं. आम्ही कामगार सेंटरवरच राहायचो; संध्याकाळी बायकोशी, सुमनशी, फोनवर बोलताना पुन्हा तेच रडगाणं, तंबाखूत भेसळ करतात म्हणून. ती म्हणाली, सोडा मग. तिचा उपास होता, चंद्र दिसेना म्हणून वैतागलेली होती.

दोन दिवसांनी विष्णूच्या आईने माझ्यासाठी तांदळाची भाकर आणि सुकट पाठवली. त्या म्हातारीला मी एकदाच बघितलं होतं, गेटवर डबा द्यायला आली तेव्हा. लहानशी, वाकलेली, नाकात मोरणी. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, डबा उघडला की शेजारच्या इमारतीत कळतं. मी डबा उघडला, खाल्ला, आणि विष्णूला म्हटलं, "आईला सांग, किती स्वच्छ धुतलीय. अजिबात वास नाही." विष्णू माझ्याकडे बघत राहिला. मग हसला. त्याला वाटलं मी कौतुक करतोय.

रोज सकाळी आम्हा कामगारांची रांग लागायची. सिस्टर कागदावरून वाचायच्या. ताप? नाही. खोकला? नाही. दम? नाही. अंगदुखी? पुढे एक रकाना होता, वास आणि चव. पण तोपर्यंत रांग वैतागलेली असायची, सिस्टरांच्या मागे फोन वाजत असायचा. "मामा, सगळं नाहीच ना?" "सगळं नाही." खूण झाली, पुढचा.

एकादशीला सकाळी विष्णूला ताप भरला. खुर्चीत बसल्या बसल्या हुडहुडी. दुपारपर्यंत खोकला. तपासणीत निघाला. ठेकेदाराचा माणूस गेटवर येऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "गावातून रोज ये-जा करतोस, तूच आणलास आत." विष्णू खोकत खोकत त्याला म्हणाला, "शेट, मी आत जातोच कुठं?" त्याचं कोणी ऐकलं नाही. खोकणाऱ्या माणसाचं कोण ऐकतं? त्याला गाडीत घालून उल्हासनगरला नेलं. बाकीच्या कामगारांची तपासणी लावली, पण सामान कमी. ज्यांना लक्षणं त्यांची आधी. मला काहीच नव्हतं, माझा नंबर शेवटी आला.

मग ती चतुर्दशीची दुपार. पाचव्या मजल्याची फरशी पुसायची होती. फरशीला हायपो घालतात, म्हणजे ब्लीचिंगसारखं एक पाणी, जंतू मारायचं. बादलीत किती घालायचं त्याचं माप भिंतीवर लिहून लावलेलं असतं. मी एकतीस वर्षांत माप कधी वाचलं नाही. माझं नाक माप होतं. वास नाकाला टोचला की बस.

त्या दिवशी ओतलं, वास नाही. अजून ओतलं. नाहीच. म्हटलं, हे पण भेसळ. कॅन उपडा केला. पॅसेजभर पुसत गेलो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मन लावून.

मागून सिस्टरांची किंकाळीसारखी हाक आली. "मामा! काय ओतलंत?" त्या जिन्याच्या दारात वाकून खोकत होत्या. बाजूच्या खोल्यांतून माणसं तोंडावर टॉवेल धरून बाहेर पळाली, खिडक्या उघडा, खिडक्या उघडा असा आरडाओरडा. मी पॅसेजच्या मधोमध पोछा धरून उभा. मला काही कळेना.

आणि मग मला ते दिसलं. सगळे पळाले नव्हते. पाच जण आपापल्या दारात तसेच उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, गालांवरून गळ्यापर्यंत, आणि चेहऱ्यावर कसलाही भाव नव्हता. त्यातला एक माझ्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाला, "काय झालं हो मामा? सगळे का पळतायत?" दुसरा हाताने गाल पुसून हाताकडे बघत होता, की हे पाणी कुठून आलं. त्यांच्यामागे सॅम्पल फ्लॅटचं दार उघडं, आणि तो हसणारा फोटो.

मी चष्म्याच्या आत हात घालायला गेलो तेव्हा समजलं, माझेही गाल ओले होते.

खाली नेऊन किट उतरवलं. सिस्टरांनी माझ्याच खिशातली तंबाखूची पुडी काढली, उघडली आणि माझ्या नाकाखाली धरली.

"येतो वास?"

मी श्वास ओढला. पुन्हा ओढला. हवा येत होती. हवेत काही नव्हतं.

डॉक्टरीणबाई आल्या. तरुण पोरगी, डोळ्यांखाली काळं. मागे ठेकेदाराचा माणूस उभा. बाईंनी कागद पुढे ओढला. "मामा, वास कधीपासून नाही?"

आता नीट लक्ष द्या. त्या प्रश्नाला माझ्या डोक्यात सगळं एकदम उभं राहिलं होतं. दुकानदार, भेसळ, सुकट, तळहात, चिमूट. मी चौथी शिकलो असेन, पण मोजता मला येतं. एकतीस वर्षांचा मामा, चपलेवरून माणूस ओळखणारा, आणि स्वतःच्या तोंडावरचं नाक गेलं ते त्याला दहा दिवस कळलं नाही, हे त्या पोरीसमोर, त्या ठेकेदाराच्या माणसासमोर मला सांगवेना.

मी म्हणालो, "परवापासून."

"नक्की?"

"नक्की."

परवा म्हणजे द्वादशी. विष्णू पडला एकादशीला. त्या एका शब्दाने तो देणारा झाला आणि मी घेणारा. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "बघा, मी म्हटलं होतं. त्या वॉचमनने म्हाताऱ्याला पण दिला." बाई म्हणाल्या, "एका दिवसात होत नसतं सहसा, मामा." तेवढ्यात वरून कोणीतरी बोलावलं आणि त्या गेल्या. कागदावर परवा राहिलं.

मला पाचव्याच मजल्यावर ठेवलं, सॅम्पल फ्लॅटमध्ये, फोटोच्या समोरच्या खाटेवर. मला ताप आला नाही. खोकला आला नाही. बाईंनी छातीचा फोटो काढून दाखवला, त्यात दोन्ही बाजूंना कापूस ठेवल्यासारखं पांढरं. "हे तुमच्या आत आहे," त्या म्हणाल्या. मी छातीवर हात ठेवला. काही जाणवत नव्हतं. आपल्या घरात कोणी येऊन राहिलंय, फिरतंय, आणि आपल्याला पायरव नाही, असं वाटलं.

मी बाईंना विचारलं, लक्षणवाल्यात आणि बिनलक्षणीत फरक काय. त्या म्हणाल्या, "आजार तोच. पण लक्षणवाला आपणहून अंथरुणाला खिळतो, लोक त्याच्यापासून लांब राहतात. बिनलक्षणी हिंडत राहतो आणि कोणी लांब सरकत नाही." मग म्हणाल्या, "आणि मामा, तुम्ही बिनलक्षणी नव्हता. तुमच्याकडे लक्षण होतं. तुम्हाला कोणी विचारलं नाही, एवढंच." मला वाटतं त्यांना कळलं होतं.

दुपारी मलाही सहा मिनिटं चालायला लागायचं. नवीन मामा घड्याळ घेऊन उभा असायचा. मी कान देऊन ऐकायचो. पुढच्याची चप्पल ऐकू यायची, मागच्याची यायची. स्वतःची कधी आली नाही.

विष्णू अठरा दिवस ऑक्सिजनवर होता. तेवढ्यात त्याच्या आईला झालं. म्हातारी तिसऱ्या दिवशी गेली. विष्णूला सांगितलंसुद्धा नाही, तो घरी आला तेव्हा भिंतीवर फोटो होता. गावात लोक बोलले, विष्णूने आयेला नेली. नोकरी तर आधीच गेली होती. ज्या जमिनीवर त्याची विहीर आहे तिथल्या गेटमधून त्याला पुन्हा आत घेतलं नाही.

मी घरी आलो तेव्हा सुमनने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "परवा कसं? तुम्ही भेसळ भेसळ करत होतात तो संकष्टीचा दिवस होता. मी चंद्राची वाट बघत होते."

"तुझा गोंधळ होतोय."

"माझा उपास होता. माझा नाही गोंधळ होत."

"गप्प बस," मी म्हणालो. त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही. पण तेव्हापासून दर संकष्टीला, पान वाढताना, ती एक क्षण माझ्याकडे बघते आणि मग भात वाढते.

माझा वास दोन महिन्यांनी परत आला. आणि दर दिवाळीत विष्णू माझ्या घरी यायला लागला. नव्या तांदळाचे पोहे घेऊन. आमचा एक जिना चढताना तीनदा थांबतो, वर येऊन पाच मिनिटं बोलत नाही. मग हात जोडतो. "मामा, माझ्यापायी तुमचा जीव जायचा व्हता." मी म्हणायचो, जाऊ दे रे. असं दर वर्षी. माझ्या हातची तंबाखू त्याने त्यानंतर कधी घेतली नाही. त्याला वाटायचं, त्याच्या हाताने मला पुन्हा काही व्हायला नको. चपला काढताना त्याचा उजवा पाय ओढला जातो. सर्रर्र.

या लेखाचं बोलावणं आलं तेव्हा मी साहेबांची गोष्ट लिहायला बसलो. चपलेची. दोन पानं झाली. सुमनने वाचली आणि एवढंच म्हणाली, "छान आहे. विष्णूला वाचून दाखवणार का?"

पितृपक्षात, म्हातारीचं पान होतं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी खरवईला गेलो. विष्णू ओट्यावर बसून बिरड्याचे मोड आलेले वाल सोलत होता. म्हणाला, "या मामा. पायऱ्या सावकाश." बायकोला चहा टाक म्हणून हाक मारली. मी बसलो. चहा आला. मी घेतला नाही.

"विष्णू, माझा वास परवा गेला नव्हता."

"कंच्या परवा?"

"साथीत. मी डॉक्टरांना परवा म्हणालो होतो. तो त्याच्या आधी गेला होता. संकष्टीला. तंबाखूला वास नाही म्हणून मी दुकानदाराशी भांडलो, आठवतं?"

तो थोडा वेळ वाल सोलत राहिला. मग हात थांबला. अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवून तो मोजायला लागला, तोंडातल्या तोंडात. चतुर्थी, पंचमी, षष्ठी. एकादशीच्या पेरावर अंगठा थांबला. त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"तंबाखू तुमीच मळून देत व्हतात."

"हो."

"रोज."

"रोज."

"आनी आयेचा डबा..."

"डब्यालाही वास नव्हता. मला नव्हता."

तो उठला. मला वाटलं मारेल, आणि मारलं असतं तर मी बसून राहिलो असतो. पण त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. आत गेला. चपलेचा आवाज आत गेला, उजवा पाय ओढत, आणि भिंतीपाशी थांबला. दारातून मला त्याची पाठ दिसत होती, आणि त्याच्या डोक्यावर म्हातारीचा फोटो, मोरणीसकट.

"आये," तो म्हणाला, "मी नय आनला गं."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला. "मी नय आनला."

मला ऊठ असं कोणी म्हणालं नाही, बस असंही कोणी म्हणालं नाही. टोपलीत अर्धे वाल राहिले होते. मी ते सोलत बसलो. एकेक दाणा दाबायचा, साल बाजूला, डाळ बाजूला. टोपली संपली तेव्हा उठलो आणि पायऱ्या उतरलो.

अंबरनाथला घरी पोचेपर्यंत माझ्या बोटांना वालाचा वास येत होता. साबणाने दोनदा धुतलं तरी येत होता.